ईएसपी३२ च्या ड्रायव्हर बोर्डावर ४.२ इंची ई-पेपर: जोडणी, देवनागरी आणि बॅटरी

ई-पेपर, म्हणजे वीज गेली तरी चित्र धरून ठेवणारा पडदा, घेताना आपण इंच बघतो. बोर्डाला मात्र इंचांशी देणंघेणं नसतं. काचेच्या कडेला चिकटवलेली कंट्रोलर चिप कोणती, एवढंच त्याला कळावं लागतं. वेव्हशेअर कंपनीचा ४.२ इंची, काळा-पांढरा, ४०० बाय ३०० ठिपक्यांचा पडदा दोन पिढ्यांत येतो. जुन्यात यूसी८१७६ चिप आहे, तर पाठीमागे ‘व्ही२’ लिहिलेल्यात एसएसडी१६८३. समोरून दोन्ही सारखेच दिसतात, पण एकाचा कोड दुसऱ्यावर चालत नाही. म्हणून पडदा चौकटीत चिकटवण्याआधी त्याच्या मागच्या मजकुराचा आणि रिबनवरच्या (पडद्याच्या चपट्या केबलवरच्या) क्रमांकाचा फोटो काढून ठेवा. पुढे तो नक्की लागतो.

पुढचं सगळं वेव्हशेअरच्या ईएसपी३२ ई-पेपर ड्रायव्हर बोर्डाला धरून आहे. ईएसपी३२ ही त्यावरची, वाय-फाय असलेली छोटी नियंत्रक चिप. वाय-फायवरून दर तासाला नवं चित्र आणून दाखवणारी दाराजवळची पाटी करायची, असं समजून चालू. सामान थोडकंच आहे: बोर्ड, २४ पिनांचा उघडा पडदा, डेटा वाहून नेणारी यूएसबी केबल आणि मल्टिमीटर. केबल फक्त चार्जिंगची असेल तर बोर्डाचा दिवा लागेल, पण संगणकाला पोर्ट दिसणार नाही.

रिबन बसवणं

यूएसबी काढलेली असतानाच रिबन जोडा. सॉकेटचा खटका नखाने हलकेच उघडा, रिबन सरळ आत सरकवा आणि खटका लावा. सोनेरी पट्ट्या सॉकेटमधल्या स्पर्शबिंदूंकडे असाव्यात. रिबन तिरकी बसली तर शेजारच्या पिना एकमेकींना चिकटतात. या जोडणीत साधे ३.३ व्होल्ट नसतात. बोर्डावरचं कॉइल, मॉस्फेट आणि तीन शॉटकी डायोड मिळून पडद्यासाठी साधारण अधिक-उणे १५ आणि २० व्होल्ट तयार करतात, त्यामुळे इथली चूक पडद्याच्या जिवावर बेतते. रिबन काचेला जिथे चिकटलेली असते तिथे ती कधीही दुमडू नका. ई-पेपर सर्वात जास्त फुटतात ते याच जागी.

बोर्डावर दोन छोटे स्विच आहेत. पहिला, वर सांगितलेल्या व्होल्टेजच्या सर्किटमध्ये ०.४७ ओहम की ३ ओहमचा रोधक घ्यायचा ते ठरवतो. बोर्डाच्या आवृत्तीनुसार त्यावर कधी ए-बी अक्षरं असतात, तर कधी ओहमची किंमत. अक्षरावर विसंबू नका. तुमच्या पडद्याच्या माहितीपत्रकात किती ओहम दिले आहेत ते पाहून स्विच लावा. तो चुकीच्या बाजूला असला तर चित्र फिकट येतं, अर्धवट येतं किंवा येतच नाही, आणि माणूस तासन्‌तास कोडमधला दोष शोधत बसतो. दुसरा स्विच यूएसबी-सिरीयल चिपची वीज बंद करतो. प्रोग्राम चढवताना तो चालू हवा, बॅटरीवर चालवताना बंद.

पिना

या बोर्डावर पिना आधीच जोडलेल्या असतात, आपण फक्त कोडमध्ये त्या बरोबर सांगायच्या:

क्लॉक – १३
डेटा – १४
चिप सिलेक्ट – १५
बिझी – २५
रीसेट – २६
डेटा/कमांड – २७

पहिल्या दोन ओळी पुन्हा वाचा. ईएसपी३२ च्या एचएसपीआय बसवर (चिपकडून पडद्याकडे डेटा नेणाऱ्या मार्गावर) नेहमी १४ हा क्लॉक असतो आणि १३ हा डेटा. या बोर्डावर त्यांची अदलाबदल आहे. लायब्ररीतलं तयार उदाहरण जसंच्या तसं चालवलं तर पडदा ढिम्म हलत नाही, त्याचं सर्वात नेहमीचं कारण हेच.

पाटीला बटण किंवा सेन्सर जोडायचा असेल तर पिन १२ टाळा. चालू होतानाच तिच्यावर वरची पातळी मिळाली तर ईएसपी३२ फ्लॅश मेमरीला १.८ व्होल्ट द्यायचे समजतो आणि बोर्ड सुरूच होत नाही. बॅटरीचं व्होल्टेज मोजायला ३२ ते ३९ मधली पिन घ्या. २५, २६ आणि २७ पडद्याने अडवलेल्या आहेतच, शिवाय त्या ज्या एडीसीच्या (व्होल्टेज मोजणाऱ्या भागाच्या) आहेत तो वाय-फाय चालू असताना वापरता येत नाही.

पहिला प्रोग्राम

आर्डुइनो आयडीईमध्ये एस्प्रेसिफचं ईएसपी३२ पॅकेज टाका आणि बोर्डाच्या यादीतून ‘ईएसपी३२ डेव्ह मॉड्यूल’ निवडा. लायब्ररी जीएक्सईपीडी२ ही घ्या. तिच्यासोबत ॲडाफ्रूट जीएफएक्स लागते. या लायब्ररीत प्रत्येक पडद्यासाठी वेगळा क्लास आहे आणि सुरुवातीच्या फोटोची गरज इथे पडते: यूसी८१७६ असेल तर साधा ४२० चा क्लास, एसएसडी१६८३ असेल तर ज्याच्या नावात जीडीईवाय०४२टी८१ आहे तो.

सेटअपमधला क्रम असा ठेवा. आधी एचएसपीआय सुरू करताना १३, १२, १४, १५ अशा पिना द्या. मग ही बस आणि ४ मेगाहर्ट्झचा वेग लायब्ररीला कळवा. त्यानंतर इनिट (पडदा सुरू करणारं फंक्शन), ११५२०० बॉडच्या सिरीयल संदेशांसह. रीसेटचा स्पंद २ मिलिसेकंदांचा ठेवण्याची सोय इनिटमध्येच आहे, ती वापरा. वेव्हशेअरच्या काही बोर्डांवर रीसेटची तार पडद्याची वीजही तोडते, त्यामुळे स्पंद लांबला तर पडदा अर्धवट जागा होतो.

प्रोग्राम चढताना ‘कनेक्टिंग’पुढे नुसते ठिपके उमटत राहिले तर बोर्डावरचं बूट बटण दाबून धरा आणि चढायला लागल्यावर सोडा. पोर्ट दिसतच नसेल तर यूएसबी चिप तपासा. जुन्या बोर्डांवर सीपी२१०२ आहे, नंतरच्यांवर सीएच३४३, आणि दोन्हींचे ड्रायव्हर वेगळे आहेत.

आता सिरीयल मॉनिटर उघडाच, कारण रोग ओळखायला इतकं सोपं साधन दुसरं नाही. पूर्ण रिफ्रेशला, म्हणजे सगळा पडदा नव्याने रंगवायला, लागलेला वेळ लायब्ररी तिथे छापते. या पडद्याला सुमारे ४ सेकंद लागतात. ‘बिझी टाइमआउट’ आलं किंवा उलट रिफ्रेश डोळ्याचं पातं लवायच्या आत संपला, तर बहुधा क्लास चुकला आहे. यूसी८१७६ कामात असताना बिझीची तार खाली ओढते, एसएसडी१६८३ वर नेते. चुकीच्या क्लासला काम संपल्याचं कधी कळतच नाही, नाहीतर ते सुरू होण्याआधीच संपलंसं वाटतं. वेळ अगदी बरोबर दिसतोय पण पडदा कोराच आहे, तर रिबन आणि रोधकाचा स्विच पुन्हा पाहा.

मराठी अक्षरं

जीएफएक्स लायब्ररी अक्षरं एकापुढे एक मांडते, बस्स. ‘कि’ मधली वेलांटी आधी काढायची, ‘र्क’ चा रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर न्यायचा, ‘ल्ल’ जोडायचं, हे तिला येत नाही. देवनागरी चिन्हं असलेला फॉन्ट बोर्डावर घातलात तरी मजकूर तुटकाच दिसेल, आणि शेजारी-पाजारी वाचणाऱ्या पाटीवर ते खपवून घेऊ नये. त्यामुळे मजकूर बोर्डावर रचायचाच नाही. संगणकावर किंवा सर्व्हरवर त्याचं चित्र बनवायचं आणि बोर्डाने ते फक्त आणून लावायचं.

पायथनची पिलो लायब्ररी आणि तिच्यासोबत रॅक्म हे अक्षरजुळणीचं इंजिन असलं की काम भागतं. मजकूर काढताना भाषेचा कोड ‘एमआर’ असा मुद्दाम द्या. त्याचे दोन फायदे. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे ठेवलेले असतात, ते त्यामुळे येतात. शिवाय रॅक्म नसेल तर पिलो तिथेच चूक दाखवून थांबते. भाषा दिली नाही तर ती गुपचूप तुटक मजकूर काढत राहते. चाचणीला ‘किल्ला’, ‘वाऱ्यावर’, ‘क्षितिज’, ‘शाळा’ एवढे शब्द पुरतात.

या पडद्याचा एक ठिपका साधारण ०.२१ मिलिमीटरचा, म्हणजे २४ ठिपक्यांचा फॉन्ट ५ मिलिमीटर भरतो. हातभर अंतरावरून वाचायला तो ठीक आहे. दारावरच्या पाटीला ३६ च्या खाली जाऊ नका. फॉन्ट बारीक वजनाचा नको. शिरोरेषा एका ठिपक्याची झाली की कुठे दिसते, कुठे गायब होते. सेमी-बोल्ड घ्या. चित्र एक-बिटी (फक्त काळं-पांढरं) करताना पिलो आपणहून डिथरिंग करते, म्हणजे करड्या छटांच्या जागी काळे-पांढरे ठिपके मिसळते, आणि अक्षरांच्या कडेला मिरपूड भुरभुरल्यासारखी दिसते. ते बंद करा, १२८ च्या खाली काळं आणि वर पांढरं असा साधा नियम लावा.

तयार चित्राची एक ओळ ५० बाइट्सची, अशा ३०० ओळी, म्हणजे नेमके १५,००० बाइट्स. बोर्डाने आलेले बाइट्स मोजावेत आणि एकही कमी असेल तर चित्र लावू नये, नाहीतर खालचा भाग कचऱ्याने भरतो. वाय-फायवरून मजकूर तुकड्यातुकड्यांनी येतो, म्हणून एकदाच वाचून थांबू नका, आकडा पुरा होईपर्यंत वाचा. पिलोच्या हिशेबात १ म्हणजे पांढरा, तर लायब्ररी १ असलेल्या जागी तुम्ही दिलेला रंग भरते. काळा रंग देऊन नेहमीचं फंक्शन वापरलं की चित्र निगेटिव्हसारखं उलटं दिसतं. त्यासाठी लायब्ररीत इन्व्हर्टेड बिटमॅपचं वेगळं फंक्शन आहे, ते घ्या. आणि हा ईएसपी३२ फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायला जोडला जातो, ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क त्याला दिसतच नाही.

झोप आणि बॅटरी

चित्र लागलं की आधी पडद्याला हायबरनेट करा (झोपवा), मगच ईएसपी३२ ला डीप स्लीपमध्ये (गाढ झोपेत) पाठवा. पडद्यावर उच्च व्होल्टेज तासन्‌तास राहिलं तर तो खराब होतो आणि पुन्हा दुरुस्त होत नाही. कंपनीच्या सूचना अशा: दोन रिफ्रेशमध्ये किमान १८० सेकंद असावेत, २४ तासांत एकदा तरी रिफ्रेश व्हावा, आणि पडदा ठेवून द्यायचा असेल तर पांढरा करून ठेवावा. काही ठिपके तेवढेच बदलणारा अर्धा रिफ्रेश दिसायला छान असतो, पण मागच्या अक्षरांची सावली साठत जाते. तासाला एकदाच चित्र बदलायचं असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. चमकणारा का होईना, पूर्णच रिफ्रेश करा.

झोपेची वेळ मायक्रोसेकंदांत द्यायची असते. ३६०० गुणिले दहा लाख असं साधं लिहिलं की साध्या पूर्णांकाची २,१४,७४,८३,६४७ ही मर्यादा ओलांडली जाते आणि बोर्ड भलत्याच वेळी उठतो. ३५ मिनिटं चालतात आणि तास चालत नाही, असं दिसलं तर कारण हेच. आकड्याच्या शेवटी ६४ बिटांचा प्रत्यय लावा.

बॅटरी किती पुरेल? जागं राहून चित्र आणायला १० सेकंद आणि सरासरी १०० मिलिअँपिअर धरा. एका वेळचे ०.२८ मिलिअँपिअर-तास, दिवसाच्या २४ फेऱ्यांचे ६.७. बोर्ड झोपेत १ मिलिअँपिअर घेत असेल तर त्याचेच दिवसाला २४ होतात, म्हणजे जागेपणाच्या साडेतीन पटींहून जास्त! २००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी अशाने दोनेक महिन्यांत संपते. झोपेतला प्रवाह ५० मायक्रोअँपिअरवर आणलात तर कागदावर तीच बॅटरी ८ महिने जाते. एकट्या ईएसपी३२ चिपचा डीप स्लीपमधला १० मायक्रोअँपिअरचा आकडा बघून हिशेब करू नका. रेग्युलेटर, दिवे आणि यूएसबी चिपही वीज घेतात. यूएसबीचा स्विच बंद करून, मल्टिमीटर बॅटरीच्या तारेत जोडून झोपेतला प्रवाह स्वतः मोजा. मोजताना मीटर मिलिअँपिअरच्या नव्हे, अँपिअरच्या पट्ट्यावर ठेवून बोर्ड सुरू करा आणि तो झोपल्यावर पट्टा बदला. वाय-फायचा झटका लहान पट्ट्यावर व्होल्टेज पाडतो आणि बोर्ड पुन्हापुन्हा रीसेट होतो. पट्टा बदलताना सर्किट क्षणभरही तुटू नये म्हणून मीटरच्या दोन टोकांना तेवढ्यापुरती तार लावून ठेवा.

शेवटची गोष्ट पाटीच्या डिझाइनची आहे. ई-पेपर वीज गेली तरी चित्र धरून ठेवतो, म्हणून बॅटरी संपलेली पाटी आणि चालू पाटी यांत डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही. परवाचं वेळापत्रक आजचं म्हणून वाचलं जातं. चित्र बनवतानाच उजव्या खालच्या कोपऱ्यात ते कधी बनलं ती तारीख आणि वेळ छापा. बॅटरी ३.५ व्होल्टच्या खाली गेली की बोर्डाने वरच्या कोपऱ्यात एक ठळक काळा चौकोन काढावा, आणि वाय-फाय मिळालं नाही तर त्या फेरीला जुन्या चित्राला हात न लावता झोपून जावं.