हाऊजीची तिकिटं, थैली, सोंगट्या घरी करताय? मग या चुका टाळा

आमच्या जळगावात भिशी म्हटली की हाऊजी आलीच. कोणी तंबोला म्हणतं, खेळ तोच, थैलीतून १ ते ९० आकड्यांच्या सोंगट्या एकेक काढून पुकारायच्या, अन् आपल्या तिकिटावर तो आकडा असला की खूण करायची. कोजागिरीचं दूध असो, गणपतीतला बायकांचा कार्यक्रम असो, जेवणं झाली की सगळ्या गोल करून बसतात अन् कोणीतरी थैली हलवायला लागतं. हल्ली तिकिटं घरीच करायची हौस खूप वाढलीय, खणाची तिकिटं, बांगडीच्या आकाराची, केळीच्या पानाच्या आकाराची, अन् थैली काठपदराची. मी स्वतः शिवते, ओळखीत करूनही देते, त्यामुळे कुठे काय बिघडतं ते जवळून बघितलंय.

सगळ्यात महागात पडते ती तिकिटातल्या आकड्यांची चूक. पुष्कळ जणी मनाला येतील ते पंधरा आकडे टाकतात, तसं चालत नाही. तिकीट म्हणजे ३ ओळी, ९ रकाने, एकूण २७ घरं, त्यातली १५ भरलेली, १२ रिकामी, अन् प्रत्येक ओळीत बरोबर ५ आकडे. पहिल्या रकान्यात १ ते ९, दुसऱ्यात १० ते १९, असं करत करत शेवटच्यात ८० ते ९०. हे पाळलं की सत्तेचाळीस पुकारल्यावर नजर सरळ पाचव्या रकान्यावर जाते, नाहीतर बाई सगळं तिकीट चाळत बसते तोवर पुढचे दोन आकडे निघून जातात.

दुसरं म्हणजे चारच तिकिटं करायची अन् त्यांच्या झेरॉक्स काढून तीस जणींना वाटायच्या. मग फुल हाऊसला, म्हणजे तिकिटातले सगळे आकडे आले की, एकदम सात जणी ओरडतात, अन् बक्षिसाचा एक डबा सात जणींत कसा वाटणार? यावर सोपा उपाय आहे, तिकिटं सहा-सहाच्या संचात करा. ६ गुणिले १५ म्हणजे ९०, म्हणजे एका संचात १ ते ९० मधला प्रत्येक आकडा एकदाच येतो. पहिल्या रकान्याचे ९ आकडे सहा तिकिटांत वाटायचे, मधल्या सात रकान्यांचे दहा-दहा, शेवटच्याचे ११, अन् एका तिकिटात एका रकान्यात कमीत कमी एक, जास्तीत जास्त तीन. तीस जणी असतील तर असे पाच वेगवेगळे संच लागतील. आधी चौकटीच्या वहीत पेन्सिलीने मांडा, ओळीत पाच बसवताना दोन-तीनदा खोडावं लागतंच, मग चांगल्या कागदावर उतरवा.

नेटवरून सुंदर दिसतात म्हणून छापून आणलेल्या तिकिटांचं पण बघा. अमेरिकेतला बिंगो वेगळा असतो, तिथे ५ बाय ५ ची चौकट, आकडे १ ते ७५, मधलं घर फुकटचं. ती तिकिटं अन् आपली नव्वदची थैली एकत्र केली की ७६ ते ९० कोणाच्याच तिकिटावर नसतात, अन् बायका एकमेकींना विचारत राहतात की हे आकडे आहेत तरी कोणाकडे. इंग्लंडचा बिंगो मात्र आपल्यासारखाच, नव्वद आकड्यांचा.

सजावटीत एकच सांगते. चमकी, मोती, लेस सगळं कडेला लावा, आकड्याच्या घरात काही नको, अन् आकडा जाड काळ्या पेनने. सोनेरी पेनने लिहिलेलं ट्यूबलाइटखाली चमकतं अन् वाचता येत नाही. तिकीट झालं की घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या हातात द्या, चष्म्याशिवाय वाचता आलं तर ते तिकीट बरोबर. मी आधी सासूबाईंना दाखवते, त्यांनी डोळे बारीक केले की ते परत करायला घेते.

आता थैली. ही माझ्याच हातून झालेली चूक, अजून मनाला लागते. जुन्या इरकलीच्या पदराची थैली शिवली, आतून अस्तर लावलं, पण अस्तराच्या कडा आतल्या बाजूला मोकळ्याच राहिल्या. खेळ झाला, एका काकूंचं फुल हाऊस फक्त सत्तेचाळीसवर अडलेलं होतं, त्या शेवटपर्यंत तिकीट छातीशी धरून बसल्या होत्या, अन् जिंकलं दुसऱ्याच कोणी. दुसऱ्या दिवशी थैली उलटी केली तर सत्तेचाळीसची सोंगटी अस्तराच्या घडीत अडकलेली. मी तसाच एक डबा घेऊन त्यांच्या घरी गेले, त्या म्हणाल्या "राहू दे वं माय, खेळच तर शे", पण मला रात्रभर झोप नाही. तेव्हापासून सगळ्या शिवणी दोन थरांच्या मध्ये दाबते, तळ चौकोनी ठेवत नाही, गोल ठेवते म्हणजे कोपराच राहत नाही, अन् खेळाआधी सोंगट्या सगळ्यांसमोर मोजते, दहा-दहाच्या नऊ ओळी लावून. कापड पातळ नको, आतला आकडा दिसतो. थैली आखूडही नको, हात मनगटापर्यंत आत जाऊन सोंगट्या खालून वर आल्या पाहिजेत, नाहीतर वरच्या वरच निघत राहतात. गुलाबाईच्या खेळात मुली डबा हलवून आवाजावरून खाऊ ओळखतात ना, तसाच थैलीचा पण आवाज यायला हवा, खुळखुळ ऐकू आली म्हणजे सोंगट्या मोकळ्या फिरतायत.

सोंगट्या पुठ्ठ्याच्या किंवा लाकडाच्या करत असाल अन् आकडे इंग्रजी असतील तर खाली रेघ मारायला विसरू नका. सोंगटी उलटी धरली की सहाचा नऊ होतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण अठराचा एक्याऐंशी, एकोणीसचा एकसष्ट अन् अडुसष्टचा एकोणनव्वद होतो हे कोणाच्या लक्षात येत नाही. देवनागरीत लिहा, ही भानगड बरीच कमी होते.

आपल्याकडे एक खास अडचण कूलरची. एप्रिल-मे मध्ये कूलर बंद ठेवून बसणं शक्यच नाही, अन् कूलर लावला की तिकिटं उडतात, तिकिटांवर ठेवलेले कागदाचे तुकडे उडतात, मग "मना बारा कटेल होता" (माझा बारा आधीच कापलेला होता) वरून वाद. म्हणून खुणेला चिंचोके घ्या, जड असतात, म्हाताऱ्या बोटांना उचलायला सोपे. टिकल्या चिकटवायची युक्ती पण बऱ्याच जणी करतात, एकदाच वापरायच्या तिकिटाला ठीक आहे, पण काढताना कागद सोलून निघतो. परत वापरायचं तिकीट असेल तर लॅमिनेशन करा अन् व्हाइटबोर्डचा मार्कर द्या, फडक्याने पुसलं की झालं. खाली पुठ्ठा अन् चिमटा हवाच, मांडीवर घेऊन खेळता येतं. अमेरिका-इंग्लंडच्या बायका यासाठी स्पंजच्या टोकाचा शाईचा मार्कर वापरतात, त्याला डॉबर म्हणतात, ठिपक्यातूनही खालचा आकडा दिसतो, अन् असे पाच-सहा डॉबर ठेवायला चारी बाजूंनी खिसे असलेल्या पिशव्या शिवतात. तशी पिशवी मी जुन्या साडीच्या काठाची केली, खिसे मात्र बोटभरच खोल ठेवले, जास्त खोल केले तर चिंचोके काढायला पिशवी उपडी करावी लागते.

पुकारणारीने आकडा दोनदा सांगावा, आधी सुटा मग जोडून, "पाच नऊ, एकोणसाठ". इंग्लिश मिडियमच्या पोरींना एकोणसाठ ऐकून साठच्या पुढचं काहीतरी वाटतं, अन् आज्यांना फिफ्टी नाइन कळत नाही. एकाच गोलात दोघी बसलेल्या असतात, दोघींना खेळता यायला पाहिजे. जल्दी फाइव्ह (सगळ्यात आधी कोणतेही पाच आकडे), तिन्ही ओळी, चार कोपरे, फुल हाऊस, कशाकशाला बक्षीस ते सुरुवातीलाच सांगा, पुढचा आकडा निघायच्या आत ओरडायचं हे पण सांगा. चुकून ओरडलं की बोगी, तिकीट बाद, असा नियम बाहेर असतो, पण घरच्या खेळात पहिल्या वेळी सोडून द्या, पहिल्यांदा आलेली सून बोगी होऊन कोपऱ्यात बसली तर ती पुढच्या भिशीला येत नाही. बक्षिसाला पैसे ठेवू नका, पैसे आले की तोंडं उतरतात. डबा, चाळणी, बिबड्यांचं पाकीट, यात सगळ्या खुश.

अन् हाऊजी हळदीकुंकवालाच जोडू नका. आमच्याकडे तसंच चालायचं, त्यामुळे नवरा गेलेल्या दोन शेजारणी शेजारच्याच घरात बसून थैलीचा आवाज ऐकायच्या, अन् त्यातल्या एकीनेच मला पहिल्यांदा थैली शिवायला शिकवलेली. आता आम्ही हाऊजी कोजागिरीला ठेवतो, निरोप सगळ्या घरांत जातो, अन् पुकारायला त्याच बसतात.

सामान ठेवताना चिंचोक्यांना भुंगा लागतो, म्हणून पावसाळ्याआधी दोन दिवस गच्चीवर कडक उन्हात घाला अन् घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. सोंगट्या मोजून थैलीत, अन् थैलीत एक चिठ्ठी, शेवटचं कोणी मोजलं अन् किती भरल्या.