ऐकणाऱ्याला पान उलटता येत नाही

फोर्टमधल्या एका विमा कार्यालयात नोकरीला लागून मला जेमतेम सहा महिने झाले होते. २७ फेब्रुवारी जवळ आली, मराठी भाषा गौरव दिनाचा कार्यक्रम ठरला, आणि मराठीत एम.ए. झालेली म्हणून साहेबांचं भाषण लिहायचं काम माझ्याकडे आलं. चार रात्री जागून मी ते लिहिलं. त्यातलं एक वाक्य मला आजही पाठ आहे: "ज्या भाषेने संतांपासून समाजसुधारकांपर्यंत सर्वांच्या विचारांना अभिव्यक्ती दिली, ती भाषा आज जागतिकीकरणाच्या झंझावातात स्वतःच्या अस्तित्वासाठी झगडत असताना, तिच्या संवर्धनाची जबाबदारी आपणां सर्वांवर येऊन ठेपलेली असून ती आपण समर्थपणे पेलली पाहिजे, असे मला या निमित्ताने नमूद करावेसे वाटते."

कागदावर ते मला फार आवडलं होतं. कार्यक्रमात मात्र साहेबांचा श्वास 'झगडत असताना'पाशी संपला. ते थांबले. वाक्य संपलं असं वाटून पुढच्या रांगेतल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या, आणि टाळ्या विरेपर्यंत साहेब ओळीवर बोट ठेवून उभे राहिले. पुढे 'तिच्या संवर्धनाची' आलं तेव्हा ते कुणाबद्दल बोलताहेत हेच समोरच्यांना कळेना. साहेबांनी मला नंतर एका शब्दानेही दुखावलं नाही. पण त्या संध्याकाळी सीएसएमटीहून मुलुंडला जाताना मी ते वाक्य ओठांतल्या ओठांत पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. मलाही ते एका श्वासात जमलं नाही.

त्याला आता पंधरा वर्षं झाली. तेव्हापासून निरोप समारंभ, गणेशोत्सव, शाळांची स्नेहसंमेलनं, कामगार संघटनेच्या सभा, कुणाच्या आईवडिलांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस अशा प्रसंगांसाठी मी भाषणं लिहीत आले. पुष्कळशी दुसऱ्यांसाठी, थोडी स्वतःसाठी. हे काम पहिल्यांदाच अंगावर आलेल्यांना माझ्याजवळचं जे उपयोगी पडेल ते इथे सांगते.

वाचणारा माणूस अडला की दोन ओळी मागे जातो. ऐकणाऱ्याला ती सोय नसते. त्यातून आपल्या मराठीचा स्वभाव असा की क्रियापद शेवटी येतं. 'मी' म्हटल्यावर मी काय केलं हे कळायला ऐकणाऱ्याला वाक्याच्या टोकापर्यंत थांबावं लागतं. मध्ये 'असून', 'तसेच', 'त्याचप्रमाणे', 'असताना' यांची साखळी लागली की तेवढा वेळ त्याला सगळं डोक्यात धरून ठेवावं लागतं. तीन-चार वाक्यांत तो थकतो आणि मोबाइल काढतो. दोष त्याचा नसतो. म्हणून मी क्रियापदाला लवकर गाठते. ते वरचं वाक्य आज लिहायचं झालं तर असं लिहीन: "आपल्या काउंटरवर रोज मराठी माणूस येतो. तो मराठीत विचारतो. आपण हिंदीत उत्तर देतो. असं का होतं?" यात झंझावात नाही, संवर्धन नाही. पण समोर बसलेल्या प्रत्येकाला आपलं काउंटर डोळ्यांपुढे दिसतं.

छोटी वाक्यं लिहायला लागलात की लगेच दुसरी अडचण येते. सगळी वाक्यं 'आहे'ने संपतात. आहे, आहे, आहे, असा ठोका पडत राहतो आणि कान झोपतो. त्यावर मी तीन गोष्टी करते: मध्येच प्रश्न विचारते, एखादं वाक्य क्रियापदाशिवाय सोडते, आणि जिथे माणूस बोलला असेल तिथे त्याचं बोलणं जसंच्या तसं घालते. 'त्यांनी नकार दिला' याऐवजी 'ते म्हणाले, नाही जमायचं.' एवढ्याने आवाज बदलतो आणि मान वर होते.

आता खरं काम. लिहायला बसण्याआधी विचारपूस करावी लागते, आणि माझा अर्ध्याहून जास्त वेळ तिथेच जातो.

आमच्या कार्यालयातले एक दफ्तरी निवृत्त होणार होते. सगळे त्यांना काका म्हणत. निरोपाचं भाषण मला करायचं होतं. पहिला मसुदा ठरलेला होता: प्रामाणिक, मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, हसतमुख. वाचून पाहिला तेव्हा लक्षात आलं, वरचं नाव बदललं तर हा कुणालाही चालेल. मग मी तो बाजूला ठेवला आणि चार दिवस जेवणाच्या सुट्टीत जुन्या माणसांजवळ डबा घेऊन बसले. एकच प्रश्न विचारायचे: काकांची एखादी आठवण सांगा ना. पहिल्यांदा सगळे 'चांगला माणूस' एवढंच म्हणतात. थांबायचं. दुसऱ्यांदा विचारायचं, कधी कळलं तुम्हाला? मग हळूहळू गोष्टी निघायला लागतात.

तिसऱ्या दिवशी एका बाईंनी २६ जुलै २००५ सांगितला. त्या दिवशी मुंबईत प्रचंड पाऊस झाला, लोकल बंद पडल्या आणि माणसं कार्यालयातच अडकली. फोन लागत नव्हते. काकांनी रात्रभर चहा केला, रेकॉर्ड रूममधले जुने पुठ्ठे काढून बायकांना अंथरायला दिले, आणि एका वहीत सगळ्यांचे घरचे नंबर लिहून घेऊन, ज्याचा लागेल त्याचा निरोप देत बसले. भाषण मला तिथे सापडलं. सुरुवात अशी केली: "२६ जुलैची रात्र. अकरा वाजलेत. ऑफिसात त्रेचाळीस माणसं आहेत आणि चहाची पूड संपत आलीये." सभागृहातला आवाज तिथेच थांबला. ज्यांनी ती रात्र काढली होती ते पुढे सरकून बसले आणि नवे लोक त्यांच्या तोंडाकडे पाहायला लागले.

त्याच भाषणात आकड्याबद्दलही एक शिकले. सांताक्रूझला त्या २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. हा आकडा कानाने ऐकला तर काहीच होत नाही. मी लिहिलं, "तो पाऊस वाहून न जाता जिथल्या तिथे साठला असता, तर या हॉलमधली सगळी टेबलं पाण्याखाली गेली असती." लोकांनी खरोखरच समोरच्या टेबलाकडे पाहिलं. भाषणात आकडा द्यायचा तर एकच द्यावा, आणि तो समोर असलेल्या एखाद्या वस्तूला टेकवावा.

विचारपुशीत आणखी काही बारीकसारीक गोष्टी आधी कळायला हव्यात. श्रोते कुठून येणार आहेत, ऑफिस सुटल्यावर की सकाळी ताजेतवाने? आपल्या आधी किती भाषणं आहेत? नंतर लगेच जेवण आहे का? संध्याकाळी सातला विरार-कर्जतच्या गाडीचं वेळापत्रक डोक्यात घेऊन बसलेल्या माणसाला पंधरा मिनिटांचं भाषण देऊ नये. माझ्या हिशेबाने मराठीत सावकाश बोललं की मिनिटाला शंभराच्या आसपास शब्द होतात. सात मिनिटं मिळाली असतील तर मी सहाशे शब्दांवर थांबते. उरलेली जागा टाळ्यांना, खोकल्याला आणि बोलणाऱ्याच्या धडधडीला.

व्यासपीठावरच्या मान्यवरांची यादी टाळता येत नाही. ती वेगळ्या कार्डावर लिहा, नाव आणि पद संयोजकांकडून त्याच दिवशी तपासून घ्या, आणि एका दमात उरका.

मांडणी कशी करायची हे मला कीर्तनाने शिकवलं. आजीबरोबर लहानपणी रामनवमीला जायचे, तेव्हा नुसतं ऐकलं होतं. नारदीय कीर्तनात बुवा आधी एक अभंग घेतात आणि पूर्वरंगात त्याचं निरूपण करतात. मध्ये नामाचा गजर होतो, तेवढ्यात बसलेले पाय मोकळे होतात. मग उत्तररंगात एक आख्यान येतं, त्याच अभंगाची जिवंत गोष्ट. आणि शेवटी बुवा पुन्हा मूळ पदावर येतात. गाडी मूळपदावर आणणं म्हणतात ते हे. एक मुद्दा, एक गोष्ट, मध्ये विसावा, पुन्हा मुद्दा. सात मिनिटांच्या भाषणाला याहून जास्त काही लागत नाही. नवखे लोक पाच मुद्दे घेतात आणि गोष्ट एकाचीही सांगत नाहीत.

मुद्दे अनेक असतीलच तर डॉ. आंबेडकरांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण जरूर पाहा. विषय केवढा गहन, पण श्रोता कुठेही हरवत नाही. लोकशाही नुसती नावापुरती न राहता प्रत्यक्षात टिकवायची तर आपण काय केलं पाहिजे, असा प्रश्न ते स्वतःच विचारतात. मग पहिली गोष्ट: संविधानिक मार्ग धरून ठेवा. दुसरी: कितीही थोर माणूस असला तरी आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नका. तिसरी: नुसत्या राजकीय लोकशाहीवर समाधान मानू नका, सामाजिक लोकशाही आणा. प्रश्न, आणि मोजून तीन उत्तरं. आपण कुठे आलोय हे ऐकणाऱ्याला प्रत्येक क्षणी ठाऊक असतं.

आणि लक्षात राहील असं एक वाक्य हवं असेल तर ग्रँट रोडला उतरून ऑगस्ट क्रांती मैदानात जाऊन या. मी गेले आहे. तेव्हाचं गवालिया टँक. ८ ऑगस्ट १९४२ ला गांधीजी इथे बोलले, आधी हिंदीत, मग इंग्रजीत. भाषण लांब होतं. त्यात त्यांनी सांगितलं की मी तुम्हाला एक मंत्र देतो, छोटासाच आहे, तो हृदयावर कोरून घ्या. आणि मग तीन शब्द: करेंगे या मरेंगे. मला यातली आधीची तयारी मोलाची वाटते. मंत्र येतोय हे त्यांनी आधी सांगितलं, म्हणजे ऐकणाऱ्याने हात पुढे केला, आणि मग त्या हातावर तो ठेवला. तुमचं मुख्य वाक्य असंच द्या. त्याच्याआधी थोडं थांबा, नंतरही थांबा. मी कागदावर तिथे एक ओळ कोरी सोडते.

दुसऱ्यासाठी लिहीत असाल तर आधी त्यांना वीस मिनिटं बोलतं करा आणि परवानगी घेऊन फोनवर ध्वनिमुद्रण करा. मग ते ऐका. एका ताईंच्या बोलण्यात 'परंतु' कधीच येत नव्हता, 'पण' यायचा, आणि दर तिसऱ्या वाक्याला 'बघा' यायचं. मी त्यांना 'पण' दिला आणि दोन ठिकाणी 'बघा' ठेवलं. लिहून झालं की त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. जिथे जीभ अडेल तो शब्द त्यांच्या अभ्यासाची वाट न पाहता काढून टाका. छपाई मोठ्या अक्षरात, एकाच बाजूला, पानांना क्रमांक, वाक्य एका पानावरून दुसऱ्यावर जाणार नाही असं. स्टेपल करू नका. माइकजवळ पान उलटल्याचा आवाज सगळ्या हॉलभर जातो. सुटी पानं हळूच सरकवता येतात.

वेळेचं मात्र मी एका प्रसंगातून शिकले. गिरगावातल्या एका मंडळाच्या गणेशोत्सवात एक डॉक्टर नेत्रदानावर बोलणार होते, भाषण मी लिहिलं होतं. बारा मिनिटांचं. नेत्रदान म्हणजे काय, कोण करू शकतं, गैरसमज कोणते, आणि अगदी शेवटी, बाहेर टेबलावर फॉर्म ठेवलेत, जाताना भरा. बक्षीस समारंभ लांबला. डॉक्टर उभे राहिले तेव्हा दहाला दहा मिनिटं होती. सवलतीचे मोजके दिवस सोडले तर रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावाच लागतो. ते गैरसमजांपर्यंत पोचले आणि माइक गेला. फॉर्मबद्दल कुणी ऐकलंच नाही. टेबलाशी बसलेला मुलगा एकटाच गठ्ठा बांधत होता, ते मला बघवलं नाही.

पुढच्या वर्षी मंडळाने डॉक्टरांना पुन्हा बोलावलं आणि मी भाषण नव्याने लिहिलं. फॉर्मची विनंती दुसऱ्याच परिच्छेदात घेतली आणि शेवटी पुन्हा एकदा. मधल्या परिच्छेदांना पेन्सिलीने कंस केले: वेळ कमी पडला तर हा गाळा, अजून कमी पडला तर हाही. आमचं ठरलं होतं, मी मागच्या भिंतीशी उभी राहीन आणि घड्याळ बघून एक किंवा दोन बोटं दाखवीन. त्याही वर्षी उशीर झाला. मी दोन बोटं दाखवली. डॉक्टरांनी दोन पानं सरकवली, कुठेही न अडखळता शेवटच्या परिच्छेदावर आले, आणि दहाला तीन मिनिटं असताना खाली उतरले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या आरतीनंतर मंडळाला फॉर्मच्या आणखी झेरॉक्स काढून आणाव्या लागल्या.