ऑनलाइन दुकानासाठी सर्व्हर सॉफ्टवेअरची तुलना कशी करावी: शेवटच्या पेटीची परीक्षा

अक्षय्य तृतीयेच्या आधी हापूस विकणाऱ्या दुकानावर काय वेळ येते, ते सर्व्हर निवडताना डोळ्यांसमोर ठेवावे. एरवी दिवसाला वीस-पंचवीस ऑर्डरी असतात आणि एखाद्या सकाळी शेकडो गिऱ्हाइके त्याच चाळीस पेट्यांवर तुटून पडतात. तेव्हा होमपेज किती झटकन उघडले याला फारशी किंमत नसते. चाळीस पेट्यांवर एकेचाळीस ऑर्डरी घेतल्या गेल्या का, कोणाचे पैसे कापले जाऊन ऑर्डर नोंदलीच नाही असे झाले का, यावर दुकानाची पत ठरते. म्हणून तुलना पेमेंटच्या पायरीपर्यंत नेली पाहिजे.

पायरी १: सारखी जमीन तयार करा

दोन सारखे सर्व्हर भाड्याने घ्या. दोन कोअर, ४ जीबी रॅम, एसएसडी आणि लिनक्सची एकच आवृत्ती. तासाच्या हिशेबाने मिळतात, त्यामुळे खर्च थोडा येतो. रिकाम्या डेटाबेसवर सगळीच सॉफ्टवेअर वेगवान दिसतात, तेव्हा दुकान दोन वर्षांनी जेवढे असेल तेवढा बनावट माल भरा: समजा ५,००० वस्तू, २०,००० गिऱ्हाइके आणि ५०,००० जुन्या ऑर्डरी.

या डेटात मराठी नावे-पत्ते टाका आणि काही सूचनांमध्ये इमोजीही टाका. मायएसक्यूएल या डेटाबेसमधला अक्षरे साठवण्याचा जुना ‘यूटीएफ८’ प्रकार एका अक्षराला तीनच बाइट देतो. देवनागरी त्यात बसते, त्यामुळे चाचणीत सगळे ठीक वाटते. पण गिऱ्हाइकाने ‘लवकर पाठवा’च्या पुढे आंब्याचे चित्र टाकले की त्याला चार बाइट लागतात आणि ऑर्डर नोंदताना चूक येते. सर्व टेबले चार बाइट देणाऱ्या ‘यूटीएफ८एमबी४’मध्ये हवीत. रकमेचे रकाने ‘डेसिमल’ (अचूक दशांश) प्रकारचे असावेत. ‘फ्लोट’ (अंदाजे आकडा साठवणारा प्रकार) ठेवल्यास जीएसटीच्या बेरजेत पैशांचा फरक पडत राहतो.

पायरी २: एका वेळी एकच थर बदला

वेब सर्व्हर (ब्राउझरला पाने पोचवणारा), पीएचपी (दुकानाचा कोड चालवणारी भाषा), डेटाबेस आणि दुकानाचे सॉफ्टवेअर हे चार थर. दोन थर एकदम बदलले की फरक कशामुळे पडला ते कळत नाही.

एन्जिनएक्स आणि अपाची या वेब सर्व्हरबद्दल वाद खूप होतो, फरक मात्र तितका नसतो. एन्जिनएक्स चित्रे आणि स्थिर फायली कमी मेमरीत देतो. अपाची जुन्या ‘प्रीफोर्क’ पद्धतीने चालवला तर साध्या चित्रासाठीही पीएचपीसह अख्खी प्रोसेस (प्रोग्रामची चालू प्रत) अडकते. तोच ‘इव्हेंट’ पद्धतीने आणि पीएचपी-एफपीएमसोबत (पीएचपी वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवणारी सोय) लावला की दुकानाच्या पानांसाठी दोघे जवळजवळ सारखे ठरतात. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: एन्जिनएक्स ‘एचटीॲक्सेस’ फाइल (अपाचीच्या नियमांची फाइल) वाचत नाही. तिच्यातले नियम हाताने उतरवले नाहीत, तर लपवलेल्या फायली उघड्या पडू शकतात.

खरी गोम पीएचपीच्या प्रोसेसच्या संख्येत आहे. ४ जीबीपैकी डेटाबेसला दीड जीबी आणि लिनक्स व बाकीच्या कामांना अर्धा जीबी धरा. उरले दोन जीबी. एक प्रोसेस ८० एमबी खात असेल तर जेमतेम २५ बसतील, म्हणून मर्यादा २० ठेवा. प्रत्येक विनंतीला ०.४ सेकंद लागत असेल, तर २० प्रोसेस सेकंदाला ५० विनंत्या उरकतात. मर्यादा ‘असू द्यावी’ म्हणून १०० केली की मेमरी संपते आणि लिनक्स सर्वांत मोठी प्रोसेस मारतो. बहुतेक वेळा ती डेटाबेसचीच असते.

पायरी ३: डेटाबेस

मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी घेतल्यास प्रत्येक टेबल इनोडीबी या साठवण पद्धतीमध्येच आहे याची खात्री करा. मायएसक्यूएल ५.५ पासून नवे टेबल आपोआप तसेच बनते, पण जुन्या दुकानातून आणलेली टेबले मायआयसॅम या जुन्या पद्धतीमध्ये राहिलेली सापडतात. मायआयसॅममध्ये ट्रान्झॅक्शन (सगळे बदल एकत्र पक्के किंवा एकत्र रद्द करण्याची सोय) नसते. ऑर्डर नोंदली आणि साठा कमी होण्याआधी वीज गेली, तर अर्धवट काम तसेच राहते. इनोडीबीचा बफर पूल (डेटा मेमरीत ठेवायची जागा) मुळात फक्त १२८ एमबी असतो. वरच्या सर्व्हरवर तो १ जीबी करा आणि मगच मोजायला बसा, नाहीतर तुलनाच खोटी ठरेल.

पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस गुंतागुंतीच्या अहवालांना फार चांगला, पण निवड बहुतेक दुकानाचे सॉफ्टवेअरच करून टाकते. वूकॉमर्स आणि मॅजेंटो मायएसक्यूएल घराण्यावर चालतात, तर सेलिऑर आणि मेडुसा पोस्टग्रेसवर. मॅजेंटो २.४ ला शोधासाठी वेगळे सर्च इंजिनही लागते, म्हणून ४ जीबीत त्याचा जीव घुसमटतो. दोन-तीनशे वस्तूंच्या दुकानाने त्याच्या वाटेला जाऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. वूकॉमर्स पूर्वी ऑर्डरी वर्डप्रेसच्या लेखांच्याच टेबलात ठेवायचा. ८.२ आवृत्तीपासून नव्या दुकानात त्यांची स्वतंत्र टेबले असतात. जुने दुकान असेल तर सेटिंगमध्ये जाऊन हा बदल झाला आहे का ते पाहा.

पायरी ४: शेवटच्या पेटीची परीक्षा

एका वस्तूचा साठा १० ठेवा. दुसऱ्या मशीनवरून, के६ सारखे (एकदम अनेक विनंत्या पाठवणारे) साधन वापरून, ५० गिऱ्हाइके एकाच क्षणी ऑर्डर टाकतील असे करा. त्याच सर्व्हरवरून मारा केला तर मोजणारा आणि मोजला जाणारा एकमेकांचा सीपीयू खातात. शेवटी ऑर्डरी १० आणि साठा शून्य हवा.

अकरावी ऑर्डर आली, तर कोड आधी साठा वाचतो आणि नंतर लिहितो असे समजा. दोघांनी एकाच क्षणी ‘१ शिल्लक’ वाचले आणि दोघांनीही शून्य लिहिले. उपाय एका ओळीचा आहे: ‘साठा किमान १ असेल तरच १ ने कमी कर’ अशी एकच अपडेट आज्ञा द्यावी आणि किती ओळी बदलल्या ते तपासावे. शून्य ओळी बदलल्या तर माल संपला.

आता दोन वस्तूंच्या टोपल्या घ्या. एकात आधी हापूस मग पायरी आंबा, दुसऱ्यात उलटे. दोघे एकमेकांची ओळ सुटायची वाट पाहत बसले की डेडलॉक होतो आणि मायएसक्यूएल १२१३ क्रमांकाची चूक देतो. साठा नेहमी वस्तूच्या क्रमांकाच्या चढत्या क्रमानेच कमी करावा, तरीही चूक आलीच तर व्यवहार पुन्हा चालवावा.

पेमेंट चालू असताना ट्रान्झॅक्शन उघडे ठेवू नका. गिऱ्हाईक यूपीआयचा पिन आठवत बसते आणि तेवढा वेळ ती ओळ कुलूपबंद राहते. मागचे सगळे ५० सेकंद थांबून १२०५ ही चूक घेऊन परततात. त्याऐवजी माल ठरावीक वेळ राखून ठेवा. वूकॉमर्समध्ये ही मुदत मुळात ६० मिनिटे असते, हंगामात ती १५ वर आणा. मुदत संपल्यावर पैसे आले तर परतावा कसा जाणार, तेही चाचणीत चालवून पाहा.

पेमेंट गेटवेचा ‘पैसे मिळाले’ हा निरोप कधी कधी दोनदा येतो. तोच निरोप मुद्दाम तीनदा पाठवा. ऑर्डर एकदाच पक्की झाली पाहिजे. पेमेंट क्रमांकाच्या रकान्यावर युनिक इंडेक्स (तोच क्रमांक दोनदा नोंदू न देणारी सूची) नसेल तर एका पेटीच्या पैशांत तीन पेट्या रवाना होतील.

पायरी ५: मोजणी आणि परतीची वाट

मारा १५ मिनिटे चालवा. पहिली दोन सोडून द्या, कारण तेव्हा बफर पूल रिकामा असतो. सरासरी फसवते, म्हणून १०० पैकी ९५ विनंत्या किती वेळात उरकल्या तो आकडा लिहा. पानांचा कॅशे (तयार पानांची साठवलेली प्रत) चालू असला तरी टोपली आणि पेमेंटची पाने वेगळी मोजा, ती कॅशेतून देताच येत नाहीत. डेटाबेसला विचारलेल्या मंद प्रश्नांची (क्वेरींची) नोंद चालू करा आणि तिची मर्यादा मूळच्या १० सेकंदांवरून अर्ध्या सेकंदावर आणा. वर आलेल्या प्रश्नांवर ‘एक्सप्लेन’ ही आज्ञा चालवली की कुठे इंडेक्स (शोधसूची) नाही ते दिसते.

शेवटी, मारा चालू असतानाच बॅकअप घ्या. मायएसक्यूएल डंप या बॅकअपच्या साधनाला ‘सिंगल ट्रान्झॅक्शन’ पर्याय दिला तर इनोडीबीची टेबले न अडवता एका क्षणाचे सुसंगत चित्र मिळते. तो बॅकअप रिकाम्या सर्व्हरवर परत चढवा आणि पहिली ऑर्डर पडेपर्यंत किती मिनिटे गेली ते घड्याळ लावून मोजा. दोन सॉफ्टवेअर वेगात तुल्यबळ निघाली, तर ज्याला इथे कमी मिनिटे लागली ते घ्या.