बाथरूम वाळत नसेल तर: डीह्युमिडिफायर कसा निवडावा

फ्रिज, एसी आणि डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढून घेणारं मशीन) दुरुस्त करणं हे माझं काम. त्यामुळे ‘बाथरूमसाठी कोणता घेऊ?’ असं मला सारखं विचारलं जातं. मी आधी उलट विचारते: अंघोळीनंतर लादीवरचं पाणी ओढून काढता का? किती लिटरचं, म्हणजे दिवसाला किती पाणी काढणारं मशीन लागेल, हे बरंचसं त्या उत्तरावर ठरतं.

हिशोब करून बघू. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि २.४ मीटर उंच बाथरूममध्ये ७.२ घनमीटर हवा असते. २५ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २३ ग्रॅम वाफ मावते. म्हणजे आरसा पूर्ण धुरकट झाला तरी त्या सगळ्या हवेत मिळून पाणी असतं जेमतेम १६५ ग्रॅम. आता लादीकडे बघा. तीन चौरस मीटर लादीवर ०.१ मिलिमीटरचा थर राहिला, तरी ते पाणी ३०० मिली होतं, हवेतल्या वाफेच्या जवळपास दुप्पट. त्यात भिंतींच्या टाइल्स, ओला टॉवेल आणि पायपुसणं धरलेलंच नाही. हे पाणी तासन्तास उडत राहतं आणि हवा दमट ठेवतं.

म्हणून पहिलं काम वायपरचं. लादी आणि कमरेपर्यंतच्या टाइल्स ओढून घ्यायला दोन मिनिटं पुरतात. टॉवेल आणि पायपुसणं वाळायला बाहेर टाका. एवढं रोज झालं तर बऱ्याच घरांत मशीनची गरजच उरत नाही, आणि ज्यांना उरते त्यांना लहान मशीन पुरतं.

दुसरं काम एक्झॉस्ट पंख्याचं. अंघोळ सुरू करताना तो लावा आणि संपल्यावर आणखी वीस मिनिटं चालू ठेवा. पंखा खरंच हवा ओढतोय का, हे बघायला पातळ कागदाचा तुकडा जाळीजवळ धरा. तो जाळीला चिकटून राहिला पाहिजे. नसेल राहत तर जाळीवरची धूळ काढा, आणि दाराखाली बोटभर फट आहे का ते पाहा. आत यायला वाट नसेल तर पंखा बाहेर काय काढणार? बाहेर पाऊस असला तरी अंघोळीच्या वेळी पंखा उपयोगी पडतो, कारण त्या वेळी आतली गरम हवा बाहेरच्यापेक्षा जास्त पाणी धरून असते. तासाभराने मात्र आतली आणि बाहेरची हवा सारखीच दमट होते. तिथून पुढे पंख्याचा उपयोग नाही. डीह्युमिडिफायरचं काम तिथे सुरू होतं. खिडकी नाही, पंखा बसवता येत नाही किंवा बाहेरची हवा महिनोन्महिने दमट असते, अशा बाथरूमसाठी मी तो घ्यायला मोकळेपणाने सांगते.

घेण्यापूर्वी दोन गोष्टी तपासा. एक साधा डिजिटल आर्द्रतामापक आणून शॉवरपासून दूर, छातीच्या उंचीवर ठेवा. अंघोळीनंतर आकडा ९० च्या वर जाणारच, त्याने घाबरू नका. दोन-तीन तासांनी तो कुठे येतो ते बघा. ६० टक्क्यांच्या खाली उतरत असेल तर बुरशीला वाढायला अवघड जातं. संध्याकाळपर्यंत ७० च्या वरच राहत असेल तर काहीतरी करायला हवं. दुसरी तपासणी भिंतीची. डाग असलेल्या कोरड्या जागी हातभर प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी टेप लावून घट्ट चिकटवा आणि एक-दोन दिवसांनी बघा. पाणी कागदाच्या बाहेरच्या बाजूला साचलं तर ती हवेतली वाफ. आतल्या बाजूला, भिंतीलगत साचलं तर ती गळती किंवा झिरपा. झिरपणाऱ्या भिंतीला मशीन लावणं म्हणजे वर्षभर विजेचं बिल भरत राहणं. तिथे प्लंबरच लागतो.

तीन प्रकार, आणि मी कोणता सुचवते

कॉम्प्रेसरच्या मशीनमध्ये थंड कॉइलवरून हवा जाते. थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून थेंब धरतात तशी वाफ कॉइलवर जमते आणि टाकीत ठिबकते. खोली साधारण १८ अंशांच्या वर राहत असेल तर हाच प्रकार घ्या. त्याखाली कॉइलवर बर्फ साचायला लागतो आणि मशीनचा बराच वेळ तो वितळवण्यात जातो.

दुसऱ्या प्रकारात ओलावा शोषणारं, झिओलाइटचं चाक फिरतं आणि हीटर ते चाक पुन्हा वाळवतो. हे मशीन पाच अंशांनाही चांगलं चालतं आणि वजनाला हलकं असतं, पण वीज जास्त खातं आणि बाहेर पडणारी हवा चांगलीच गरम असते. गारठलेल्या बाथरूमला ते वरदान आहे. उकाड्यात नको.

तिसरा प्रकार पेल्टिअरचा, म्हणजे कॉम्प्रेसरशिवाय, विजेने थेट गार होणाऱ्या चकतीचा. छोटा, सुंदर, जवळजवळ आवाज नसलेला. त्यावर ‘बाथरूमसाठी’ असं लिहिलेलं असतं, आणि तरीही मी तो बाथरूमसाठी सुचवत नाही. साधारण २३ वॅटचं असं मशीन अनुकूल हवेत दिवसाला ३०० मिलीच्या आसपास पाणी काढतं. म्हणजे लादीवरचा तो पातळ थर गोळा करायला चोवीस तास. शिवाय लिटरमागे जवळपास १.८ युनिट वीज जाते. २०० वॅटचं, दिवसाला १० लिटर काढणारं कॉम्प्रेसरचं मशीन तेच काम अर्ध्या युनिटमध्ये करतं. पेल्टिअर कपाटात ठेवा, तिथे तो शोभतो. ओलावा शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या डब्यांचंही तेच. बंद कपाटाला ठीक, रोज अंघोळ होणाऱ्या खोलीला अपुरे.

खोक्यावरचे लिटर

‘१० लिटर’ हा आकडा बहुतेक वेळा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेवर मोजलेला असतो. कंपनी खोटं बोलत नाही, पण तुमची खोली तशी नसते. २० अंश आणि ६० टक्क्यांवर तेच मशीन निम्म्याहून कमी पाणी देऊ शकतं. माहितीपत्रकात दुसरा, कमी तापमानाचा आकडा दिला असेल तर तुलना त्यावरून करा. तासाला १५० ते २०० मिली मिळतील असं धरलं, तर वायपर मारलेलं बाथरूम दीड-दोन तासांत कोरडं होतं आणि न मारलेलं पाच-सहा तास घेतं. बाथरूमसाठी १० ते १२ लिटरच्या वर जायचं कारण मला दिसत नाही. त्याहून मोठं मशीन जागा अडवतं आणि जास्त आवाज करतं.

एक बारीक ओळ मात्र चुकवू नका. नव्या मशीनमध्ये कॉइल थंड करायला अनेकदा आर-२९० वायू असतो. तो म्हणजे प्रोपेन, ज्वलनशील. म्हणून माहितीपत्रकात खोलीचं किमान क्षेत्रफळ दिलेलं असतं, पुष्कळदा ४ चौरस मीटर. आपलं वरचं बाथरूम तीन चौरस मीटरचंच आहे. मग मशीन ठेवायचं कुठे?

दाराबाहेर

माझं उत्तर हेच असतं, आणि आर-२९० नसला तरी हेच. मशीन बाथरूमच्या दाराबाहेर, मोकळ्या जागेत ठेवा. अंघोळ आणि वायपर झाला की बाथरूमचं दार उघडा, मशीनची हवा आत ओढणारी बाजू दाराकडे करा आणि त्या भागाची बाकीची दारं-खिडक्या लावून घ्या. थोडी जास्त हवा वाळवावी लागते, पण पाणी आणि वीज एकमेकांपासून लांब राहतात. माझ्यासाठी तो मुद्दा सगळ्यात मोठा आहे. घरगुती मशीनवर बहुधा आयपीएक्स (पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) ० किंवा १ असं लिहिलेलं असतं. १ म्हणजे वरून सरळ पडणाऱ्या थेंबापुरतंच संरक्षण. शॉवरजवळच्या उपकरणाला किमान आयपीएक्स ४ लागतं, म्हणजे कुठूनही शिंतोडे आले तरी पाणी आत जाऊ नये. एक्स्टेन्शन बोर्ड बाथरूममध्ये कधीही नेऊ नका. अर्थिंग तपासून घ्या, आणि त्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. नसेल तर आधी तो बसवा, मशीन नंतर.

बाथरूमच्या आत गॅस गीझर असेल तर हवा वाळवण्यासाठी तिथला झरोका किंवा खिडकी बंद करू नका. कार्बन मोनॉक्साइड साचून जीव जातो. असा गीझर आत नसावाच. आणि एक किलो गॅस जळला की सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ होते, म्हणजे ओलही तोच वाढवतो.

फीचर्समध्ये मी तीनच बघते. आर्द्रतेचा आकडा लावता यावा (५५ वर ठेवा), टाकी भरली की मशीन आपोआप थांबावं, आणि वीज जाऊन आली की आधीच्याच सेटिंगवर सुरू व्हावं. मागे नळी जोडायची सोय असेल तर उत्तम, कारण पाणी सोडायला बाथरूमच्या लादीतली जाळी शेजारीच असते. नळी पूर्ण लांबीत उतरती ठेवा. मध्ये कुठे उंचवटा आला तर पाणी तुंबतं. ॲप, सुगंध, रंग बदलणारे दिवे यांसाठी पैसे घालवू नका.

मशीन घरी आल्यावर काही तास उभंच ठेवा. आडवं आलं असेल तर कॉम्प्रेसरमधलं तेल जागेवर यायला वेळ लागतो. भिंतीपासून किती अंतर हवं, ते माहितीपत्रकात बघून तेवढं सोडा. फिल्टर दर दोन आठवड्यांनी धुवा. पावडर आणि केसांमुळे बाथरूमजवळचा फिल्टर लवकर भरतो, आणि ‘पाणीच काढत नाही’ म्हणून माझ्याकडे आलेल्या मशीनमध्ये मी आधी तोच बघते. टाकीतलं पाणी फ्लशला वापरा, प्यायला नाही. टाइल्सना ॲसिड किंवा ब्लीच लावायच्या दिवशी मशीन बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवा आणि वास पूर्ण गेल्यावरच परत आणा. त्या वाफांनी कॉइल गंजतं, त्याला बारीक भोकं पडून गॅस निघून जातो, आणि लहान मशीनमध्ये कॉइल बदलण्याचा खर्च नव्या मशीनच्या जवळ जातो.