वायरिंगचे काम शिकताना: आधी तपासणे, मग जोडणे

घरातील वायरिंग शिकू पाहणाऱ्या नवख्या मुलांना पहिली ओढ असते ती जोडणीची. बोर्ड भरावा, पाइपातून वायर ओढावी, बटण दाबले की दिवा लागावा, एवढे जमले म्हणजे काम आले असे त्यांना वाटते. माझे मत थोडे वेगळे आहे. जोडणीवर हात लवकर बसतो. समोरच्या तारेत वीज नाही याची स्वतः खात्री करून घेण्याची सवय मात्र मुद्दाम लावून घ्यावी लागते आणि तिला बराच अधिक काळ लागतो. मी हे काम नागपुरात शिकलो आणि येथेच करतो, त्यामुळे पुढील उदाहरणे येथील घरांतली आहेत.

प्रथम मर्यादा समजून घ्याव्यात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांनुसार दिवा, पंखा, फ्यूज, बटण किंवा 250 व्होल्टपर्यंतचे घरगुती उपकरण बदलणे, तेही मूळ मांडणीची क्षमता किंवा स्वरूप न बदलता, एवढ्यालाच परवान्यातून सूट आहे. नवा पॉइंट काढणे किंवा एसीसाठी वेगळी लाइन ओढणे हे परवानाधारक ठेकेदाराचे काम आहे. ज्यांना हा व्यवसाय करायचा आहे त्यांनी आयटीआयचाच रस्ता धरावा. शहरात श्रद्धानंदपेठेत शासकीय आयटीआय आहे. इलेक्ट्रिशियन आणि वायरमन हे दोन्ही ट्रेड दोन वर्षांचे असून इलेक्ट्रिशियनसाठी दहावी उत्तीर्ण असावे लागते. केवळ एखाद्या भाऊंच्या हाताखाली राहून काम येते हे खरे, पण असे का करायचे याचे उत्तर तेथे क्वचितच मिळते.

सरावासाठी भिंतीला हात न लावता एक लाकडी फळी घ्यावी आणि तिच्यावर दोन बटणे, एक होल्डर व एक सॉकेट बसवावे. फळीला वीज द्यायची ती सिरीज बोर्डातूनच, म्हणजे फेजच्या (वीज आणणाऱ्या तारेच्या) वाटेत 100 वॅटचा जुना तारेचा बल्ब ठेवून. जोडणीत शॉर्ट असेल तर मेनचा फ्यूज न उडता हा बल्ब पूर्ण प्रकाशाने लागतो, आणि वाट कोठे तुटलेली असेल तर लागतच नाही. एलईडी बल्ब येथे उपयोगाचा नाही. मात्र सिरीज बोर्डामुळे शॉक लागत नाही, हा समज साफ चुकीचा आहे. त्या बल्बातून जाऊ शकणारा प्रवाह अर्ध्या अँपिअरच्या आसपास असतो आणि माणसाचा जीव घेण्यास त्याचा दहावा भागही पुरतो. म्हणून फळीवरील प्रत्येक बदल प्लग काढूनच करावा.

याच फळीवर दोन गोष्टी पक्क्या कराव्यात. बटण नेहमी फेजच्या वाटेत असावे. ते न्यूट्रलमध्ये (वीज परत नेणाऱ्या तारेत) बसवले तरी दिवा लागतो आणि विझतोही, पण विझलेल्या दिव्याच्या होल्डरमध्ये 230 व्होल्ट तसेच राहतात आणि बल्ब बदलणाऱ्याला त्याची कल्पना नसते. दुसरे म्हणजे, सॉकेट समोरून पाहिल्यास वर अर्थ (जमिनीशी जोडलेली तार), उजवीकडे फेज आणि डावीकडे न्यूट्रल. तारेचा रंग हा केवळ संकेत आहे; लाल म्हणजे फेज, काळी म्हणजे न्यूट्रल आणि हिरवी म्हणजे अर्थ हे नव्या घरात बहुधा खरे असते, महाल या जुन्या वस्तीतल्या वाड्यात ते गृहीत धरू नये.

आता टेस्टरविषयी. खिशातला निऑन टेस्टर ज्या वाटेने पेटतो, त्या वाटेत धरणाऱ्याचे शरीरही येते. त्यामुळे लाकडी स्टुलावर रबरी चप्पल घालून उभे राहिल्यास चालू फेजवरही तो इतका मंद दिसू शकतो की उन्हात कळत नाही, आणि उलट शेजारच्या तारेच्या प्रभावाने तुटलेल्या न्यूट्रलवरही तो पेटू शकतो. मी मल्टीमीटर किंवा दोन टोकांचा टेस्ट लॅम्प वापरतो, आणि क्रम ठरलेला असतो: आधी चालू असलेल्या सॉकेटवर साधन नीट दाखवते का ते पाहायचे, मग ज्या तारेवर काम करायचे ती तपासायची, आणि शेवटी पुन्हा चालू सॉकेटवर जायचे. मेन स्विच बंद केला म्हणजे घर बंद झाले, असेही आता राहिलेले नाही. मेन पडताच इन्व्हर्टर आपल्या सर्किटला वीज देऊ लागतो, आणि तेवढ्याच बोर्डात हात असेल तर मेनचा काही उपयोग होत नाही. इन्व्हर्टर बंद करून त्याची बाहेर जाणारी लाइन सोडवल्याशिवाय बोर्ड उघडू नये.

नागपुरात शिकणाऱ्याला सर्वांत जास्त शिकवतो तो कूलर. लोखंडी पत्र्याची पेटी, ओला वाळा, पाण्यात बुडालेला पंप, गेल्या उन्हाळ्यात कडक होऊन तडकलेली वायर आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून बादलीने पाणी ओतणारा माणूस, असा हा सगळा मेळ असतो. “कूलर जरा झिणझिण्या देतो, पण चालतो,” असे घरमालक सांगतात. तो कूलर त्याच क्षणी बंद करायला हवा. प्लग उघडून पाहिला की कारण बहुधा डोळ्यांसमोर असते: जाड पिनेचा स्क्रू रिकामा, हिरवी तार कापून मागे दुमडलेली, किंवा मुळातच दोन तारांची वायर. अर्थची पिन लांब ठेवलेली असते ती सॉकेटमध्ये सर्वांत आधी लागावी आणि सर्वांत शेवटी सुटावी म्हणून. तिला तारच जोडलेली नसेल तर त्या लांबीला अर्थ उरत नाही. तपासताना प्लग काढून, रंग थोडा खरवडून, जाड पिन आणि पत्रा यांमधला रोध मोजावा. तो जवळजवळ शून्य यायला हवा. त्यानंतर फेज व न्यूट्रलच्या पिना एकत्र करून, कूलरची बटणे चालू ठेवून, पत्र्याशी 500 व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने, चाचणी घ्यावी. एक मेगाओहमपेक्षा कमी आल्यास कूलर परत लावू नये. लाकडी पाटावर ठेवून दोष झाकण्याची पद्धत मला मान्य नाही.

अर्थिंग जोडलेले असले तरी येथील काळी माती आणखी एक अडचण उभी करते. मे महिन्यात ती वाळून भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यात पुरलेल्या धातूच्या इलेक्ट्रोडपासून सुटते आणि रोध वाढतो. समजा, परतीच्या संपूर्ण वाटेचा रोध 20 ओहम झाला. पत्र्याला फेज लागल्यास 230 भागिले 20, म्हणजे साडेअकरा अँपिअर वाहतील आणि 16 अँपिअरची एमसीबी (प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) पडणारच नाही. पत्रा मात्र जिवंत राहील. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालणे योग्यच आहे, पण जीव वाचवण्याचे काम एमसीबीचे नव्हे, 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचे आहे. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह यांतला फरक ती पाहते आणि तो वाढला की वीज तोडते. एकाच वेळी फेज आणि न्यूट्रल धरणाऱ्याला तिचे संरक्षण नाही, हेही ध्यानात असावे. तिच्यावरील टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबावे.

वायरच्या जाडीबद्दल सुरुवातीला एवढे पुरे: दिव्या-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटर, 16 अँपिअरच्या सॉकेटला अडीच, एसी किंवा गिझरला चार. एमसीबी वारंवार पडते म्हणून मोठी लावणे म्हणजे वायरच जळू देणे होय. कोणाला शॉक बसलाच तर आधी वीज तोडावी, मग हात लावावा, आणि 108 ला फोन करावा.

आरसीसीबी सारखी पडते म्हणून ती बायपास करून देणारे कारागीर दुर्दैवाने आहेत. शिकणाऱ्याने दोष शोधण्याची रीत शिकावी. सर्व एमसीबी पाडून आरसीसीबी चढवावी आणि एकेक एमसीबी चालू करत जावे. ज्या सर्किटवर ती पडेल तेथील उपकरणे काढून पुन्हा पाहावे. सर्व एमसीबी बंद असतानाही ती पडत असेल तर बहुधा कोठेतरी न्यूट्रल अर्थला टेकलेला असतो, कारण साधी एकपोली एमसीबी केवळ फेज तोडते. तेव्हा मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करून, वीज नसल्याची खात्री करून, न्यूट्रलच्या पट्टीवरील तारा चिठ्ठ्या लावून सोडवाव्या लागतात आणि प्रत्येकीची मेगरने अर्थशी चाचणी घ्यावी लागते. हे काम पहिल्या वर्षी परवानाधारक वायरमनच्या शेजारी उभे राहून पाहावे आणि चिठ्ठ्या लिहिण्याचे काम स्वतःकडे मागून घ्यावे.