सोलरची सबसिडी अडकते कुठे? बेळगाव-खानापूरच्या घरमालकांनो, या चुका टाळा

पॅनेल बसलं, नवा मीटर लागला, पेढेही वाटून झाले. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेची सबसिडी मात्र खात्यावर आलीच नाही. आमच्या गल्लीतल्या एका घरची गोष्ट. शोधाशोध केल्यावर कळलं, आर. आर. नंबर, म्हणजे वीज कनेक्शनचा नंबर, अजून आज्जाच्या नावावर होता आणि अर्ज नातवाच्या आधारवर भरला होता. आज्जा जाऊन अकरा वर्षं झाली होती!

इन्स्टॉलरला फोन करायच्या आधी हेस्कॉमचं, म्हणजे आपल्या वीज कंपनीचं, बिल हातात घ्या. बिल, आधार आणि पासबुक या तिन्हींवरचं नाव एकच हवं. मराठी आडनाव कन्नडमधून इंग्रजीत जाताना त्याचे काय हाल होतात, हे आपल्याला कुणी सांगायला नको. नाव बदलून घ्यायचं तर मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद, घराचा उतारा असं सगळं जमवावं लागतं. ते आधी उरका, अर्ज नंतर भरा.

दुसरी चूक खास आपल्या सीमाभागाची. गडहिंग्लजचा मेव्हणा फोनवर सांगतो, आपण तसंच भरत जातो. त्याच्याकडे महावितरण, आपल्याकडे हेस्कॉम. पीएम सूर्यघरच्या पोर्टलवर कर्नाटक आणि हेस्कॉम निवडायचं, ग्राहक क्रमांकही आपल्याच बिलावरचा टाकायचा. कोल्हापूरचा ओळखीचा विक्रेता स्वस्तात करून देतो म्हणाला, तरी तो कर्नाटकाच्या यादीत आहे का ते पोर्टलवर बघूनच हो म्हणा.

सबसिडीच्या पैशांचा हिशेब सरळ आहे. 1 किलोवॅटला 30,000 रुपये, 2 ला 60,000, आणि 3 किंवा त्याहून कितीही जास्त बसवलंत तरी 78,000 च. काम तपासून झाल्यावर ही रक्कम थेट ग्राहकाच्या बँक खात्यात येते. त्यामुळे ‘सबसिडी आम्हीच घेतो, तुम्ही उरलेले द्या’ असं कुणी म्हणालं तर आधी कागद मागा. पॅनेल आणि आतले सेल भारतात बनलेले असावेत, ही अटही आहे. परदेशी पॅनेल थोडं स्वस्त पडतं खरं, पण सबसिडी जाते. अर्जाआधीच बसवून मोकळं होणाऱ्यांचंही तेच.

आता मुळात किती किलोवॅट लागतात? माझ्या मते बहुतेक जण इथेच घाई करतात. 1 किलोवॅटमधून महिन्याला साधारण 100 ते 120 युनिट मिळतात. आधी घरातला वापर कमी करा, मग पॅनेलचा आकार ठरवा. जुना पंखा 75 वॅट खातो, नवा, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. रोज बारा तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला 16 युनिट वाचतात.

हे सोळा युनिट किरकोळ वाटतील, पण गृहज्योतीचं, म्हणजे कर्नाटक सरकारच्या फुकट विजेच्या योजनेचं, गणित बघा. ऑगस्ट 2023 पासून घराच्या 2022-23 च्या महिन्याच्या सरासरी वापरावर 10 टक्के जास्त धरून तेवढी वीज फुकट मिळते. सरासरी 120 असेल तर 132 पर्यंत शून्य बिल. 150 जाळले तर वरच्या 18 युनिटचे पैसे. पण 200 ओलांडले की त्या महिन्याचं अख्खं बिल आपल्या गळ्यात.

आणि हे 200 ओलांडतात कधी? आमच्याकडे तर भर पावसाळ्यात. जुलैमध्ये आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. सोलर वॉटर हीटरच्या टाकीतली 2 किलोवॅटची कॉइल कुणीतरी चालू करतं आणि ती दिवसभर तशीच राहते. रोज एक तास चालली तरी महिन्याला 60 युनिट! कॉइलचं बटण आंघोळीआधी अर्धा तास, तेवढंच. ज्यांच्या मागीलदारी तांब्याचा बंब अजून शाबूत आहे त्यांनी तो मोडीत घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सोलर हीटरवाल्यांना हेस्कॉमच्या बिलात युनिटमागे 50 पैसे, महिन्याला जास्तीत जास्त 50 रुपये अशी सूट दिली जात आली आहे. हीटर बसवला म्हणून ती आपोआप लागेल असं धरू नका, सेक्शन ऑफिसला अर्ज द्या. बिल शून्यच येत असेल तर मात्र हा खटाटोप नको.

पाण्याची गळतीसुद्धा विजेच्या बिलात दिसते, हे पटकन लक्षात येत नाही. फ्लशची टाकी झिरपते, वरची टाकी रिकामी होते, मोटर पुन्हा लागते. एक एचपीची मोटर रोज अर्धा तास जास्त चालली की महिन्याला 11 युनिट गेले. तपासायला प्लंबर नको. रात्री फ्लशच्या टाकीत चिमूटभर हळद टाका आणि अर्धा तास कुणाला वापरू देऊ नका. भांड्यात पिवळं पाणी उतरलं, तर व्हॉल्व्हचा वॉशर बदला.