दोन विषम शेजाऱ्यांच्या सीमेचा अभ्यास कसा करावा : रक्सौल–वीरगंजचे उदाहरण

मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसहून बिहारच्या पूर्व चंपारण जिल्ह्यातील रक्सौलला थेट गाडी जाते आणि त्या स्थानकापासून रिक्षाने मैत्री पूल ओलांडला की नेपाळच्या पर्सा जिल्ह्यातील वीरगंज लागते. एका मोठ्या आणि एका लहान देशाच्या सीमेवर माणसे कशी जगतात, हे अर्थशास्त्राच्या, समाजकार्याच्या किंवा पत्रकारितेच्या मराठी विद्यार्थ्याला प्रत्यक्ष पाहायचे असेल, तर याहून सोयीची जागा क्वचितच सापडेल. येथे भारतीयांना व्हिसा लागत नाही, हिंदी दोन्हीकडे समजते आणि समुद्र नसलेल्या नेपाळच्या परदेश व्यापाराचा हा सर्वांत महत्त्वाचा दरवाजा आहे.

निघण्यापूर्वी

पहिले काम घरी बसूनच करायचे आहे, ते म्हणजे देशांच्या सरासऱ्या बाजूला ठेवणे. भारत मोठा आणि संपन्न, नेपाळ लहान आणि गरीब, हे समीकरण दिल्ली व काठमांडू यांच्यात चालत असेल, पण रक्सौलच्या बाजारात ते टिकत नाही. बिहारचे दरडोई उत्पन्न नेपाळच्या दरडोई उत्पन्नाहूनही कमी आहे. दुसरीकडे नेपाळच्या सात प्रांतांपैकी वीरगंज ज्यात येते तो मधेश प्रांत मानव विकासाच्या निर्देशांकात तळाशी आहे. तरीही वीरगंजच्या उत्तरेला बारा–पर्सा हा नेपाळचा मोठा औद्योगिक पट्टा पसरलेला आहे आणि रक्सौल मात्र मुख्यतः वाहतुकीवर आणि पलीकडच्या गिऱ्हाइकावर जगते. त्यामुळे विषमता कोठे आहे हे गृहीत न धरता शोधावे लागते. माझ्या मते ती लोकांच्या उत्पन्नात जितकी आहे, त्याहून कितीतरी अधिक निर्णयाच्या अधिकारात आहे : बंदर कोणाचे, आयात शुल्काचा दर कोण ठरवतो आणि नाका बंद पडला तर कोणाचे हाल होतात, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधणे हेच या अभ्यासाचे खरे काम आहे.

पूर्वतयारीसाठी तीन कागद वाचले तरी पुरे. ईस्ट इंडिया कंपनी आणि नेपाळ यांच्यात १८१५ मध्ये सही होऊन १८१६ मध्ये मान्य झालेल्या सुगौलीच्या तहाने आजच्या सीमेचा पाया घातला. ज्या सुगौलीत तो झाला ते रक्सौलच्या रेल्वेमार्गावरचेच गाव आहे. ३१ जुलै १९५० च्या शांतता व मैत्री कराराने दोन्ही देशांच्या नागरिकांना परस्परांच्या भूमीवर राहण्याची, व्यापार करण्याची आणि हिंडण्याफिरण्याची समान मुभा दिली. तिसरा कागद म्हणजे दोन्ही देशांमधील व्यापार व पारगमन (म्हणजे एका देशाच्या भूमीवरून दुसऱ्याचा माल नेण्याचा) करार, आणि पुढे येणारी खाद्यतेलाची गोष्ट समजण्यासाठी त्यातील शुल्कमाफीची कलमे नीट वाचलेली असणे आवश्यक आहे.

व्यवहाराच्या बाबी थोडक्यात सांगायच्या तर, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट जवळ ठेवावा आणि केवळ आधार कार्डावर विसंबू नये. नेपाळने डिसेंबर २०१८ मध्ये १०० रुपयांहून मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती, त्यामुळे १०० रुपयांच्या किंवा त्याहून लहान नोटा नेलेल्या बऱ्या. नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटे पुढे असते, तेथील सरकारी कचेऱ्या शनिवारी बंद असतात आणि कागदोपत्री विक्रम संवत चालते, म्हणून भेटीची वेळ ठरवताना आणि जुन्या नोंदी वाचताना घोळ होणार नाही याची काळजी घ्यावी.

भावाची वही

सीमेवर पोहोचल्यावर मुलाखतींच्या मागे लागण्यापूर्वी एक वही घालावी. तिच्यात डाव्या बाजूला रक्सौलचा भाव आणि उजव्या बाजूला वीरगंजचा भाव लिहावा आणि मीठ, साखर, तांदूळ, खाद्यतेल, पेट्रोल, डिझेल, युरिया, सुपारी, साडी व मोबाइल संच एवढ्या दहा वस्तूंपासून सुरुवात करावी. दुकानदार भाव सांगताना ‘आयसी’ की ‘एनसी’ असे विचारतो. आयसी म्हणजे भारतीय चलन आणि एनसी म्हणजे नेपाळी चलन. १९९३ पासून १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये हा दर बांधलेला आहे, त्यामुळे हिशेब सोपा असतो. मात्र दुकानात प्रत्यक्षात कोणता दर लावला जातो हेही टिपून ठेवावे, कारण ज्या चलनाची टंचाई असते त्याचा भाव बाजारात थोडा वर चढतो.

दोन भावांत लक्षणीय फरक दिसला की त्या वस्तूपुढे कारण लिहायचे. बहुतेक वेळा ते कारण माणसांच्या चलाखीत नसून दोन सरकारांच्या धोरणांतील फरकात सापडते. युरियाचे उदाहरण पाहा. भारतात ४५ किलोच्या पोत्याची किंमत कर आणि कडुनिंबाच्या लेपाचा खर्च सोडून २४२ रुपये अशी सरकारने बांधून दिली आहे आणि उरलेला भार केंद्राच्या अनुदानावर पडतो. नेपाळचे सरकारही खतावर अनुदान देते, परंतु भात लावणीच्या दिवसांत तेथे खत वेळेवर आणि पुरेसे मिळत नाही, ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. मग सायकलच्या कॅरिअरवर एखादे पोते बांधून आडवाटेने ते पलीकडे जाते, वाहून नेणाऱ्याच्या हातात दिवसाची मजुरी पडते आणि बिहारच्या शेतकऱ्यासाठी काढलेले अनुदान पर्सा जिल्ह्यातल्या शेतात मुरते. हीच वाट उलटही वाहते. नेपाळ आपले पेट्रोल व डिझेल भारताकडूनच घेतो आणि २०१९ मध्ये सुरू झालेली मोतिहारी–अमलेखगंज ही ६९ किलोमीटरची वाहिनी त्याचसाठी आहे; तरीही २०२१ मध्ये भारतातील कर वाढल्याने इंधन पलीकडे स्वस्त झाले, तेव्हा तेच इंधन कॅनमधून परत बिहारमध्ये येऊ लागले. एप्रिल २०१६ मध्ये बिहारने दारूबंदी केल्यावर नेपाळच्या बाजूच्या सीमेवरील दारूच्या दुकानांचे काय झाले, हे वेगळे सांगायला नको.

वहीत वस्तूच्या नावाबरोबर ती कोण वाहून नेतो, हेही लिहावे. डोक्यावर पिशवी घेऊन दिवसातून अनेक फेऱ्या मारणारी बाई, सायकलवाला, ई-रिक्षावाला आणि ट्रकमालक हे एकाच सीमेचे चार निरनिराळे वापर आहेत. नेपाळने २०२३ मध्ये १०० नेपाळी रुपयांहून, म्हणजे साडेबासष्ट भारतीय रुपयांहून, अधिक किमतीच्या घरगुती सामानावरही भन्सार, म्हणजे सीमाशुल्क, काटेकोरपणे वसूल करायला सुरुवात केली, तेव्हा त्याचा चटका त्या पिशवीवालीला आणि सणाची खरेदी करणाऱ्या कुटुंबांना बसला आणि रक्सौलचे दुकानदारही हवालदिल झाले.

एका मालाचा माग

दहा वस्तूंपैकी एक निवडून तिचा माग शेवटपर्यंत काढावा, आणि मराठी अभ्यासकाने ती वस्तू सोयाबीन तेल निवडावी असे मी आग्रहाने सुचवतो. नेपाळमध्ये सोयाबीनचे मोठे पीक नाही, तरी त्या देशाच्या निर्यातीच्या यादीत सोयाबीन तेल अगदी वरच्या ओळीत दिसते. कच्चे तेल दक्षिण अमेरिकेसारख्या दूरच्या प्रदेशांतून कोलकात्याच्या परिसरातील बंदरांत उतरते, भारताच्याच भूमीवरून नेपाळला जाते, तेथील कारखान्यांत शुद्ध होते आणि शुल्कमाफीचा लाभ घेऊन पुन्हा भारतात विक्रीला येते. त्यासाठी नेपाळमध्ये ठरावीक प्रमाणात मूल्यवर्धन, म्हणजे मालाच्या किमतीत भर, झाल्याचे दाखवावे लागते, आणि वादाचा मुद्दा नेमका तेथेच आहे.

१४ सप्टेंबर २०२४ रोजी भारताने कच्च्या सोयाबीन, पाम आणि सूर्यफूल तेलावर शून्यावरून २० टक्के मूळ आयात शुल्क लावले आणि शुद्ध तेलावरचे शुल्क १२.५ वरून ३२.५ टक्क्यांवर नेले. देशातील सोयाबीन उत्पादकाला भाव मिळावा हा त्यामागचा हेतू होता. परंतु शुल्काची भिंत जितकी उंच होते तितका शुल्कमाफीच्या दरवाजातून येण्याचा फायदा वाढतो, आणि त्यानंतर नेपाळहून येणारे शुद्ध तेल झपाट्याने वाढले. ३० मे २०२५ रोजी कच्च्या तेलावरचे मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणले गेले. लातूरच्या बाजार समितीत सोयाबीन घेऊन उभा असलेला शेतकरी आणि वीरगंजजवळच्या तेल कारखान्यातला कामगार एकमेकांना ओळखत नाहीत, तरी दिल्लीतल्या एका अधिसूचनेने दोघांचेही गणित हलते. अभ्यासकाने लातूरचे भाव, शुल्कबदलाच्या तारखा आणि नेपाळच्या भन्सार विभागाचे मासिक आकडे एकाच तक्त्यात मांडून पाहावेत. ही माहिती दोन्हीकडे सार्वजनिक आहे आणि त्यासाठी कोणाच्याही मेहरबानीची गरज नाही.

यावरून नेपाळी कारखानदाराला एकदम दोषी ठरवू नये. ज्या देशाला स्वतःचे बंदर नाही आणि ज्याच्या परदेश व्यापाराचा साठ टक्क्यांहून अधिक भाग एकाच शेजाऱ्याशी आहे, त्याला असे फट शोधून केलेले उद्योगच परवडतात, आणि शेजाऱ्याने दर बदलला की ते एका रात्रीत अडचणीत येतात.

माणसे आणि आठवणी

रक्सौल व वीरगंजच्या परिसरात भोजपुरी बोलली जाते आणि रोटी-बेटी व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. कुटुंबांशी बोलताना लग्नानंतरच्या कागदपत्रांविषयी अवश्य विचारावे. भारतातून नेपाळात सून म्हणून गेलेल्या स्त्रीला अंगीकृत, म्हणजे वंशाने नव्हे तर अर्ज करून मिळणारे, नागरिकत्व मिळू शकते, परंतु नेपाळी स्त्रीशी लग्न करणाऱ्या भारतीय पुरुषाला तसा मार्ग नाही. शिवाय २०१५ च्या राज्यघटनेनुसार राष्ट्रपती, पंतप्रधान किंवा सरन्यायाधीश होण्यासाठी वंशजाच्या नात्याने मिळालेले नागरिकत्व लागते. मधेशी, म्हणजे नेपाळच्या दक्षिणेकडील सपाट प्रदेशातल्या, समाजाच्या मनातली दुय्यमपणाची भावना समजून घ्यायची असेल, तर आधी हे नियम माहीत असले पाहिजेत. काठमांडू त्यांना भारताकडे झुकलेले समजते आणि भारतीय पर्यटक त्यांना नेपाळी मानायलाच तयार होत नाही, ही कोंडी मुलाखतीत त्यांनी आपणहून बोलून दाखवली तर मधे न बोलता ऐकून घ्यावी.

वयस्कर माणसांना नाकाबंदीच्या काळाविषयी विचारावे. व्यापार व पारगमन करार संपल्यावर १९८९ मध्ये भारताने बहुतेक नाके बंद केले होते. २०१५ मध्ये राज्यघटना जाहीर झाल्यानंतर मधेशी आंदोलक मैत्री पुलावर ठाण मांडून बसले आणि मालवाहतूक फेब्रुवारी २०१६ पर्यंत विस्कळीत राहिली. त्यामागे भारताचा हात होता असे काठमांडूचे म्हणणे होते आणि भारताने ते नाकारले. त्याच वर्षीच्या भूकंपातून सावरत असलेल्या देशात गॅस व औषधे यांची टंचाई झाली. त्या महिन्यांत रक्सौलच्या दुकानाचा गल्ला किती उतरला, वीरगंजच्या घरात स्वयंपाक कशावर झाला, असे नेमके प्रश्न विचारावेत, म्हणजे दोन्ही तीरांवरच्या झळा वेगवेगळ्या मोजता येतात.

सीमेला लागून वाहणाऱ्या सिर्सिया नदीकडेही एक फेरी मारावी. वीरगंजच्या बाजूच्या कारखान्यांचे सांडपाणी घेऊन ती रक्सौलमध्ये उतरते, आणि येथे त्रास सोसणारा थोरल्या देशाचा नागरिक आहे, याची नोंद ठळकपणे करावी.

शेवटी कामाची शिस्त. पोते वाहणाऱ्याचे नाव, गाव किंवा वाट लिहू नये, कारण आपला लेख त्याच्यावर कारवाई होण्याचे निमित्त ठरू शकतो. भारताच्या बाजूला सशस्त्र सीमा बल आणि पलीकडे नेपाळचे सशस्त्र प्रहरी असतात. तपासणी चौकीची किंवा जवानांची छायाचित्रे परवानगीवाचून काढू नयेत, आणि दोन देशांच्या मधल्या मोकळ्या दसगजा पट्टीत उगाच रेंगाळू नये. संस्थेचे पत्र हिंदीत व नेपाळीत बरोबर ठेवावे. एक भेट भात लावणीच्या हंगामात आणि दुसरी दशैं (नेपाळचा दसरा) ते छठ या सणासुदीच्या काळात आखली, तर खत आणि खरेदी हे दोन्ही प्रवाह हाती लागतात. मसुदा तयार झाल्यावर त्याचा हिंदी सारांश दोन्ही गावांतल्या माहिती देणाऱ्यांना पाठवावा आणि भावांत, हिशेबांत त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या छापण्यापूर्वी करून घ्याव्यात.